तान्ह्या बाळाची शीर आणि बिलावरचे पाच आकडे





अमेरिकेत आपल्यापैकी कोणाच्या घरी बाळ जन्मले आणि त्याला काही दिवस एनआयसीयूत ठेवावे लागले, की पुढे कित्येक महिने टपालाने पाकिटे येत राहतात. इस्पितळाचे बिल वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, शिवाय विमा कंपनीचे ‘हे बिल नव्हे’ असे बजावणारे पत्र. आपण शिकलेली माणसे, तरी बहुतेकजण शेवटची रक्कम पाहतात आणि मुकाट्याने चेक फाडतात.

एक छोटेसे उदाहरण घेऊ: बाळाच्या शिरेत सुई घालणे. तान्ह्याची शीर सुतासारखी बारीक असते आणि अंगातले पाणी कमी झाले की ती सापडता सापडत नाही. म्हणून सीपीटी या संकेतावलीत या कामासाठी अनेक कोड आहेत. शिरेतून नेहमीसारखे रक्त काढले तर ३६४१५. टाचेला टोचून थेंब घेतले तर ३६४१६. मूल तीन वर्षांखालचे असेल आणि डॉक्टरांचे किंवा तशा पात्रतेच्या व्यक्तीचे कौशल्य खरोखरच लागले असेल, तरच मांडीच्या किंवा मानेच्या शिरेसाठी ३६४००, डोक्यावरच्या शिरेसाठी ३६४०५ आणि इतर शिरेसाठी ३६४०६. नवजात बाळाच्या नाळेतल्या शिरेत नळी घातली तर ३६५१०.

म्हणजे कोणी टोचले, कुठे टोचले आणि का टोचले, यावर कोड ठरतो आणि कोडवर पैसे. लॅबच्या माणसाने रोजच्यासारखे काढलेले रक्त ३६४०६ म्हणून दाखवणे चूकच. दुसरी चूक याहून सहज नजरेआड होते. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या अत्यवस्थ बाळासाठी डॉक्टर पहिल्या दिवशी ९९४६८ आणि पुढे रोज ९९४६९ लावतात. नाळेतली नळी आणि शिरेतल्या सुया या रोजच्या आकारातच धरलेल्या असतात. त्याच डॉक्टरांनी त्याच दिवशी ३६५१० वेगळा लावला, तर एकाच कामाचे पैसे दोनदा मागितले जातात.

याचा अर्थ डॉक्टर लबाड असतात असा नव्हे. अर्धा तास खपून शीर शोधणाऱ्या डॉक्टरांनी नोंदीत ते लिहिले नाही, तर कोडरला ते दाखवता येत नाही आणि खऱ्या कष्टाचे पैसे बुडतात. नोंद खरी आणि पुरी असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. आणि हा व्यवहार ‘त्यांचा’ म्हणून झटकूनही चालणार नाही. डॉक्टर आपल्यात आहेत, क्लेमचे सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्यात आहेत आणि कोड लावणारी मुलगी कदाचित पुण्यात किंवा नवी मुंबईत रात्रपाळीला बसलेली असते.

काही गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. नोकरीतून मिळालेल्या विम्यात बाळाचे नाव जन्मापासून ३० दिवसांच्या आत घालावे. कोडसह तपशीलवार बिल मागावे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सर्प्रायझेस’ कायद्यानुसार इस्पितळ विम्याच्या नेटवर्कमध्ये असेल, तर तिथल्या नेटवर्कबाहेरच्या नवजात-तज्ज्ञाला वरचे पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत; तशी संमती लिहून घेण्याचीही त्याला मुभा नाही. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर साधारणपणे १८० दिवसांत अपील करता येते आणि तिथेही नकार आला तर वैद्यकीय निर्णयाच्या वादात बाहेरच्या तटस्थ तपासणीची मागणी करता येते.

पण खरा प्रश्न आपल्यापुरता नाही. इलेक्ट्रॉनिक क्लेमसाठी सरकारने जी संकेतावली सक्तीची केली, तिचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशन या खासगी संघटनेकडे आहेत. ज्या भाषेत आईबापांकडून पैसे मागितले जातात, ती भाषा त्यांना कोणी शिकवत नाही. मोटेलमध्ये दोन पाळ्या करणाऱ्या आईने हे पाच आकडे कधी वाचावेत? कोणी, कधी, काय केले हे साध्या वाक्यात सांगणारे बिल न मागता मिळाले पाहिजे, अशी मागणी आपण आपापल्या लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. ओळखीतल्या, शेजारातल्या एखाद्या अडलेल्या कुटुंबाबरोबर एक संध्याकाळ बसा आणि त्यांचे बिल ओळीओळीने वाचा. मग ते कुटुंब मराठी असो वा नसो.

आपले अनुभव जरूर कळवा.

आपला,
संपादक