चढावर कुंथणारी मोटार

कोल्हापूर शहरांत व आसपासच्या गांवीं वडिलांच्या हातची एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर अजून जपून ठेवणारीं कुटुंबें आहेत. नवी गाडी दारांत असली तरी वर्षांतून चारदां नृसिंहवाडीस किंवा जोतिबास जावयाचें तें याच गाडींतून, असा त्यांचा परिपाठ असतो. या मंडळींची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. ती अशी कीं, गाडी सुरू होते, पण उभी असतांना थरथरते, चालतांना मिसिंग करते, आणि पाय दाबला असतां तिला पूर्वींचा पिकअप राहिलेला नाहीं. मिस्त्री आज प्लग बदलतो, उद्यां कॉइल बदलतो, परवां कार्ब्युरेटर नवा बसवितो. पैसा खर्ची पडतो व दोष जेथल्या तेथें राहतो. अखेरीस घरांतील तरुण मंडळी ‘ही आतां भंगारांत द्यावी’ असा निवाडा करतात. निवाडा करण्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्यापूर्वीं चौकशी झालेली असावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.

शिवाय हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हे. ऊंसाच्या हंगामांत आमच्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथपणें चाललेले असतात. त्यांस ओलांडण्यासाठीं गाडी बाहेर काढावी, समोरून एस. टी. यावी, आणि नेमकें त्याच क्षणीं इंजिन अडखळावें, म्हणजे साऱ्या कुटुंबाच्या जिवाशीं गांठ पडते. म्हणून दोष दूर होईपर्यंत अशा गाडीनें कोणासही ओलांडूं नये, व आंबा घाट किंवा गगनबावड्यापलीकडील करूळ घाट यांत तिला नेऊं नये.

या जुन्या गाड्यांचा एक मोठा गुण असा कीं, त्यांत झांकलेलें असें फारसें कांहीं नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी काढिली, आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी हें नांव मिळालें. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. अशा इंजिनास चार गोष्टी लागतात: मोकळी हवा, बेताचें पेट्रोल, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. मोटार कुंथते तेव्हां यांपैकीं एखादी तरी कमी पडलेली असते. ती कोणती, हें ओळखणें म्हणजेच निदान.

निदानाचा आरंभ हत्यारानें नव्हे, प्रश्नानें करावा. दोष दिसतो तो केव्हां? गाडी उभी असतांना थरथरते, पण वेग वाढतांच सुधारते, असें असेल तर कार्ब्युरेटरच्या खालच्या जोडांतून जादा हवा आंत शिरत असावी, किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसावा. नृसिंहवाडीच्या सपाट रस्त्यावर ती सुरेख चालते, पण पन्हाळ्याच्या चढावर दम टाकते, असें असेल तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे, ठिणगी दुबळी आहे, किंवा ती उशिरां पडत आहे. पाय दाबतांच क्षणभर गचका खाऊन मग धांवत असेल तर कार्ब्युरेटरमधील छोट्या पंपाकडे पाहावें. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वाढत नाहीं, तर दोष क्लचचा होय. आणि थोड्या प्रवासानंतर एखादें चाक फार तापलेलें लागलें तर ब्रेक धरून राहिलेला आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत इंजिन बिचारें निर्दोष असतें, पण शिक्षा बहुधा त्यालाच होते.

यानंतर परीक्षा. ज्यांस पैसा लागत नाहीं त्या आधीं कराव्या. हवेची गाळणी काढून धूळ झटकावी. चोक पुरता उघडतो कीं नाहीं तें पाहावें. इंजिन बंद असतांना कार्ब्युरेटरच्या तोंडांत पाहून एकानें पेडल दाबावें. आंत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. विडीकाडी अर्थातच दूर ठेवावी. मग चारही प्लग काढून क्रमानें मांडावे. त्यांचें टोंक फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली समजावी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जादा. ओलें तेलकट काळें म्हणजे तेल वर चढत आहे. पांढरें फटक म्हणजे पेट्रोल कमी व हवा अधिक. चारांपैकीं एकच निराळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरचा.

दुबळा सिलिंडर ओळखण्याची दुसरी युक्ति अशी. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचें टोंक इंजिनाच्या धातूस घट्ट टेकवून ठेवावें व इंजिन सुरू करावें. थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर तोच आळशी. असें चारही पाहावे. चालत्या इंजिनाच्या तारेस मात्र हात लावूं नये. धक्का जबर बसतो. पावसाळ्यांत रात्रीं अंधारांत बॉनेट उघडून पाहिलें असतां तारांवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळसर ठिणग्या खेळतांना दिसल्या, तर त्या टोपीस किंवा तारांस तडा गेलेला आहे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट झिजून त्यांतील अंतर कमी झालें कीं ठिणगीही उशिरां पडूं लागते. म्हणून टायमिंगला हात घालण्यापूर्वीं तें अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें करून घ्यावें. प्रदूषण तपासणीचा कागदही वाचावा: कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा फार मोठा असेल तर पेट्रोल जादा जळत आहे, तो लहान असून हायड्रोकार्बनचा मोठा असेल तर पेट्रोल न जळतांच बाहेर पडत आहे.

आतां एक नवें कारण. आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांतून ऊंसापासून इथेनॉल तयार होतें, आणि पेट्रोलांत तें २० टक्क्यांपर्यंत मिसळण्याचा टप्पा देशानें २०२५ सालीं गांठला. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलास सुमारें ९ पुरते. नव्या गाड्यांचें यंत्र हा फरक ओळखून इंधन वाढवितें. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटाचें छिद्र ठरलेलें. त्यामुळें मिश्रण विरळ होतें व इंजिन अडखळतें. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें, जुनें रबर फुगवितें, आणि टाकींतला वर्षांचा गाळ सोडवून गाळणींत आणून बसवितें. याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर, चढ लागला असतां, चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण विरळ आहे. अधिक बिघडली तर कारण निराळें. विरळ ठरल्यास प्रथम गाळणी व नळ्या बदलाव्या. तेवढ्यानें भागलें नाहीं तरच जाणत्या मिस्त्रीकडून जेट किंचित मोठा घालावा. पावसाळाभर गाडी उभी ठेवावयाची असेल तर टाकींत जुनें पेट्रोल सांठवूं नये.

इतकें करूनही दोष राहिला तर सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. चारांत एखादा बराच कमी भरला तर त्यांत चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हेड उघडण्यापूर्वीं टॅपेटचें अंतर तपासून घ्यावें. कधीं कधीं एवढ्यानेंच काम भागतें. व्हॉल्व्ह घांसावयाचे ठरलेच, तर शिवाजी उद्यमनगरासारखी वस्ती ज्या शहरांत आहे, त्या शहरांत कसबी हातांचा दुष्काळ नाहीं.

मिस्त्रीकडे जातांना एक लहान वही न्यावी. दोष केव्हां दिसतो, कोणता प्लग कसा होता, काय बदललें व त्यानें काय फरक पडला, हें तींत टिपावें; आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्या व गाडी सुधारली, तर गुण कशाचा हें कधींच कळत नाहीं. जाणता मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागावत नाहीं. उलट त्याचें निम्में काम झालेलें असतें.

चारही सिलिंडरांचा दाब गेलेला आहे, सांगाडा गंजलेला आहे, असें निदानांत ठरलें, तर जड अंतःकरणानें का होईना, गाडीस निरोप द्यावा. त्यांत कोणाचाही दोष नाहीं. पण गाळणींतल्या चिमूटभर गाळासाठीं किंवा तडकलेल्या टोपीसाठीं वडिलांची गाडी भंगारांत जावी, हें आम्हांस मान्य नाहीं.