ज्येष्ठांच्या घड्याळाने दिवाळी

दिवाळी पंधरवड्यावर आली की घरोघरी दोन याद्या होतात, एक फराळाची आणि एक खरेदीची. आपल्या घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती असेल, तर तिसरी यादीही आजच करावी, आणि ती करण्याचा मान त्याच व्यक्तीला द्यावा. रोजची औषधे कोणती, त्यांतली किती उरली आहेत, कोणती जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर घ्यावयाची, एवढेच तीत असावे. सणाच्या दिवसांत नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असू शकतात आणि ओळखीचे औषधांचे दुकान लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लवकर बंद होते. तेव्हा दहा-बारा दिवस पुरेल एवढा साठा वसुबारसेपूर्वीच घरात आणून ठेवावा. फ्रीजमध्ये मिठाईचे डबे शिरू लागले की इन्सुलिनची बाटली मागे मागे ढकलली जाते आणि बर्फाच्या कप्प्याला टेकते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निरुपयोगी असते. त्यासाठी दारातला एक कप्पा राखून ठेवावा आणि तेथे काहीही ठेवू नये, असे मुलाबाळांसह सर्वांना बजावावे.

सणात ज्येष्ठांची प्रकृती बिघडते ती लाडवामुळे, असा आपला समज असतो. लाडवाचा वाटा आहेच. परंतु मोडलेल्या वेळापत्रकाचा वाटाही लहान नसतो. रात्री जागरण, पहाटे स्नान, न्याहारी दहाला, दुपारचे जेवण तीनला, आणि पूजा आटोपून पाने मांडेपर्यंत रात्रीचे दहा. तरुण शरीर हे निभावून नेते. ज्यांची गोळी सकाळी सातची आणि इन्सुलिन साडेसातचे आहे, त्यांना ते झेपत नाही. म्हणून दिवाळीचा कार्यक्रम आखताना पंचांगाशेजारी त्यांचे घड्याळही मांडावे, अशी आमची सूचना आहे.

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी स्नान केले नाही तर नरकात जावे लागते, हा धाक आपण सर्वांनी बालपणी ऐकला आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना त्यापायी पहाटे चारला उठवू नये. ते स्वतःच हट्टाने उठणार असतील तर त्यांना अडवूही नये. त्यांच्या आधी कोणीतरी उठून पाणी तापवून ठेवावे, इतकेच. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग नित्य करावयास सांगितला आहे, आणि तोही विशेषेकरून डोके, कान व तळपाय यांना, अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, हेही तेथेच आहे. आपण मात्र हा नित्याचा उपचार वर्षातल्या एका पहाटेपुरता उरवला. उतारवयात त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हा कोमट तेलाचा हलका हात आठवड्यातून एकदा तरी फिरावा.

तेल कोठे लावावे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. न्हाणीघरात लावले तर फरशी तेलकट होते, आणि पडण्याची भीती तेथेच सर्वांत अधिक. तेव्हा बाहेरच्या खोलीत, हाताच्या खुर्चीवर, खाली जुनी चादर अंथरून तेल लावावे. उठण्यापूर्वी तळपाय कोरड्या पंचाने नीट पुसावेत. न्हाणीघरात पाटाऐवजी भक्कम पायांची खुर्ची आणि पायाखाली रबरी जाळीची चटई असावी. हलके प्लॅस्टिकचे स्टूल ओल्या फरशीवर सरकते. दाराची कडी आतून लावू नये, हे आधीच बोलून ठरवावे. ऐनवेळी सांगितले तर वडीलधाऱ्यांना ते अपमानाचे वाटते. मधुमेह्यांच्या पायांना उष्णता नीट जाणवत नाही, म्हणून पाणी किती कढत आहे ते दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. उटणे चाळणीतून काढलेले बारीक असावे आणि ते घासण्याऐवजी फक्त लावून धुऊन टाकावे. एखादी पोटरी सुजलेली, लाल किंवा दुखरी असेल तर तिच्यावर मुळीच चोळू नये. तशी सूज रक्ताची गुठळी झाल्यानेही येते. डॉक्टरांना दाखवून मगच पुढचा विचार.

गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर स्नानानंतर ताडकन उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. अंग पुसून झाल्यावर दोन मिनिटे तेथेच बसावे, मग आधार धरून उभे राहावे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांच्या डोक्याला जराही मार लागला, तर वर खोक दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो टेलिफोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

स्नान झाले की ओवाळणे, देवदर्शन, फोनवरच्या शुभेच्छा, आणि मग फराळ. या मधल्या दीड तासात इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन बसलेल्या आजींना घाम फुटू लागतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, पहाटे उठल्याने थकवा आला असेल. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही चिन्हे असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि मग काही खावयास द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी. पण मुळात औषध आणि न्याहारी यांची जोडी तोडूच नये. ओवाळणे नंतर होऊ शकते.

गोव्यात आणि कोकणात या पहाटे पोह्यांचा मान असतो. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ घालून, फोडणी देऊन, असे पोह्यांचे प्रकार एकाच पानात येतात. ज्यांची कवळी सैल आहे, ज्यांना पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी ही चाल फार सोयीची. कोरडा चिवडा, शेंगदाणे, साळीच्या लाह्या हे सर्व श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ताकात मुरलेले मऊ पोहे सहसा सुखाने उतरतात. तरी गिळण्याचा त्रास असलेल्यांना कोणता घनपणा मानवतो, ते डॉक्टरांनी सांगितले असेल तसेच करावे, आणि खाताना पाठ सरळ असावी. देशावरच्या घरांनीही ही पद्धत उचलावयास हरकत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अडचण वेगळी असते. मुहूर्त कधीकधी उशिराचा असतो, आणि नैवेद्य दाखविल्यावाचून घास घ्यावयाचा नाही हा जुन्या पिढीचा नेम. तो नेम मोडावयास लावण्यापेक्षा स्वयंपाक होताच नैवेद्याचे ताट आधी वेगळे काढून झाकून ठेवावे. देवाचे देवाला राखून झाले, म्हणजे लेकरांना आणि आजाऱ्यांना वाढण्यात दोष नाही, हे आपल्या आजी-पणजींनी स्वतःच आचरून दाखविले आहे.

फराळाबद्दल थोडक्यात. एका मध्यम बेसनाच्या लाडवात सुमारे दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. तो न्याहारीच्या जागी खावा, न्याहारीवर नव्हे. साखरेऐवजी गूळ घातल्याने लाडू मधुमेह्यांचा होत नाही, आणि ‘शुगर-फ्री’ करंजीतला मैदा व तूप तसेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ सुचविले आहे; शेव, चकली, चिवडा यांतच त्यातला मोठा भाग संपतो. हृदय कमकुवत असलेल्यांच्या पायांवर सूज चढते, दम लागतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ‘कमी सोडियमचे’ मीठ विचारल्यावाचून वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. हे सर्व ठरवावे मात्र दोघांनी मिळून, आदल्या दिवशी. पाहुण्यांसमोर आजोबांच्या हातातली करंजी काढून घेणे याइतके वाईट पथ्य दुसरे नाही.

आणि आता ज्या वाक्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते, ते वाक्य: “तुम्ही बसा हो, आम्ही करतो.” काळजीवाहू वाचकहो, यात आपला हेतू प्रेमाचाच असतो. पण चाळीस वर्षे ज्या बाईने या घरचा फराळ उभा केला, तिला दिवाणावर बसवून टीव्ही लावून देणे म्हणजे तिला तिच्याच दिवाळीची पाहुणी करणे. स्टुलावर चढून जळमटे काढावयास कोणी देऊ नये. खाली बसून रांगोळीही नको. शिवाय उंबऱ्यातली रांगोळी गुळगुळीत फरशीवर पायाखाली आली की माणूस घसरतो. ती वाटेतून बाजूला, कोपऱ्यात काढावी. परंतु वाती वळणे, करंजीला मुरड घालणे, कातण फिरवणे, अनारसे थापणे ही बसून होणारी कामे आहेत, आणि आखडलेल्या बोटांना त्यांनी चलनही मिळते. भाजणी कितपत भाजावी, पाक एकतारी झाला की नाही, हे त्यांना विचारावे आणि त्यांचे ऐकावे. मिठाचा अंदाज तेवढा आपण घ्यावा, कारण वयानुसार चव आणि वास मंदावतात आणि हात सैल पडतो! आजोबांकडे कामट्यांचा आकाशकंदील द्यावा. नातवंडांना खळ लावावयास बसवले की दोन्ही पिढ्यांचा एक तास सत्कारणी लागतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांनाही वाती वळणे पुष्कळदा आठवते, कारण हातांची सवय नावांपेक्षा उशिरा जाते. त्यांच्यासाठी घरातली एक खोली पाहुण्यांपासून शांत ठेवावी आणि सणाच्या निमित्ताने पलंगाची जागा बदलू नये.

धूर आणि आवाज आपल्या हाती अर्धेच असतात. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे. सोसायटीच्या फलकावर ते लिहून लावावे, भांडणापेक्षा त्याचा उपयोग अधिक. दम्याच्या रुग्णांनी संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात, औषधाचा पंप खिशात ठेवावा, फिरावयास जाणे दुपारी चारला उरकावे. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल तर पणती, निरांजन, उदबत्ती यांपासून किमान दहा फूट अंतर हवे. त्या खोलीत ज्योत नकोच, विजेची माळ लावावी. पदर खोचून मगच दिवे लावावेत आणि त्या वेळी सुती लुगडे वा साडी असावी. भाजलेच तर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी वाहू द्यावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

पाडव्याचा दिवस पुष्कळ घरांत एका माणसाला जड जातो. जिने पन्नास वर्षे याच दिवशी पतीला ओवाळले, ती सुनेने मुलाला ओवाळताना आतल्या खोलीत काही शोधत राहते. तिला कोणी हाक मारीत नाही, कारण काय बोलावे हे सुचत नाही. पहिले वर्ष असेल तर घरात फराळ तळत नाहीत, शेजारी-नातलग आणून देतात; ती रीत चांगली आहे, त्यात माणसे घरी येतात. पण त्यानंतरच्या वर्षांत तरी निरांजनाचे ताट प्रथम तिच्या हाती द्यावे आणि मुलांना तिच्याकडून ओवाळून घ्यावे. विधवेने ओवाळू नये हा संकेत आपण पुढच्या पिढीला देण्याचे काहीच कारण नाही. त्यांचे नाव घ्यावे, त्यांना आवडणारा पदार्थ पानात वाढावा. ती रडली तर रडू द्यावे. भाऊ उरला नाही अशी बहीण भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. गच्चीवर तिच्यासोबत कोणीतरी उभे असावे. पत्नी गेलेल्या वृद्धांचे दुःख बहुधा बोलले जात नाही, ते जेवण कमी होण्यात दिसते. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली राहिली, तर ते वयावर ढकलू नये. उदासीनतेवर उपचार आहेत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना १४५६७ ही देशभराची मदतवाहिनी उपलब्ध आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्या जातात, परदेशातली मुले विमानतळाकडे निघतात, आणि घर एकाएकी मोठे होते. त्या दिवसासाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवावे. सकाळी उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, उरलेला फराळ शेजारी व कामाला येणाऱ्या बाईंकडे पाठवावा, आणि मुलांनी पोहोचल्याचा निरोप फोन करून द्यावा. दुपारी कोणी ना कोणी चहाला यावे. कोण येणार, ते आजच विचारून ठेवावे.