घुबडाला सरहद्द कुठली?

मुलांनो, घुबड दिसलं की आपल्याकडे काहीजण लगेच 'अपशकुन झाला' म्हणतात. आज अशाच एका घुबडाची गोष्ट सांगते. पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड असलेलं गव्हाणी घुबड तुम्ही पाहिलंय ना? त्याचे भाऊबंद इस्राएल आणि जॉर्डन या देशांतही राहतात.

या दोन देशांच्या मधून जॉर्डन नदी वाहते. नदी कसली, कितीतरी ठिकाणी आपल्या ओढ्याएवढीच! पण तिच्या दोन काठांवरचे देश १९४८ आणि १९६७ मध्ये एकमेकांशी लढले. तह झाला तो थेट १९९४ मध्ये.

उंदरांचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच. विष घातलं की उंदीर मरतात आणि ते उंदीर खाणारे पक्षीही मरतात. म्हणून १९८३ मध्ये इस्राएलमधल्या स्दे एलियाहू या गावी शेतात लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. गव्हाणी घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही, अंधारी पोकळी शोधतं. पेट्यांत जोड्या आल्या, पिल्लं झाली, आणि उंदीर फस्त होऊ लागले. एक जोडी वर्षाला हजारो उंदीर खाते, बरं का!

पण घुबडाला पासपोर्ट थोडाच लागतो? रात्री ते खुशाल नदी ओलांडणार. पलीकडे विष खाल्लेला उंदीर मिळाला तर? म्हणजे आपलं घुबड जगवायचं तर पलीकडच्या शेतकऱ्याशी बोलणं आलंच.

इस्राएलचे पक्षितज्ज्ञ योसी लेशेम यांच्या जोडीला जॉर्डनचे मन्सूर अबू रशीद आले. हे सैन्यातले निवृत्त जनरल! २००२ पासून जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी शेतकरीही या कामात आले. गंमत म्हणजे अरब मुलखातही घुबड अशुभच मानतात. त्यामुळे आधी ती समजूत काढावी लागली.

मग भांडणं मिटली का? नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं पुन्हा भीषण युद्ध पेटलं. हजारो माणसं मेली, त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. लाकडी पेट्या ते कशा थांबवणार? तरीही, शत्रू म्हणून वाढलेली माणसं उंदरांच्या निमित्तानं का होईना एकत्र बसली, हे मला लहानसहान वाटत नाही.

तुमच्या बांधापलीकडच्या शेतात उंदरांसाठी काय करतात? या रविवारी विचारून या आणि मला पत्रानं कळवा.