नवा संगणक, जुने मशीन

एखादी वस्तू जुनी झाली की तिला भंगार म्हणण्याची आपल्याकडे फार घाई असते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या लहानशा वर्कशॉपमध्ये माझे वडील सीएनसी लेथ मशीन चालवतात, तेथे ही घाई अंगाशी आली.

मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा संगणक विंडोज एक्सपीवर चालत असे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच वाऱ्यावर सोडले, तेव्हा मालकांची काळजी रास्तच होती. (ज्या संगणकाला इंटरनेटची तारच जोडलेली नाही त्याला कसली भीती, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.) विंडोज ११ असलेला नवा संगणक आला, जुना त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर उघडेना! वडिलांनी केबल बदलून पाहिली. कोणी म्हणाले, मशीनचे कार्ड गेले. दोष यांपैकी कशातच नव्हता.

कारण मला कळले ते संगणकशास्त्राच्या एका मित्राकडून. बोर्लंडचे टर्बो सी हे मूळचे १९८७ सालचे. आजच्या विंडोजवर ते तसेच्या तसे चालत नाही. डॉसच्या काळातील असे प्रोग्रॅम १६ बिटांचे. ३२ बिटांची विंडोज त्यांना सांभाळून घेई, ६४ बिटांची घेत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच निघते. म्हणून सेटिंगमध्ये कितीही खुणा केल्या तरी व्यर्थ. मित्र टर्बो सी 'डॉसबॉक्स'मध्ये चालवतो. हा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतो. तोच उपाय आम्ही केला आणि सॉफ्टवेअर उघडले.

तरी मशीन गप्पच. नव्या संगणकाला नऊ पिनांचे सीरियल पोर्ट नव्हते, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावला. त्यावर वेग व बिटांचे आकडे दोन्ही बाजूंना सारखे हवेत, नाहीतर मशीनमध्ये नुसती अक्षरांची खिचडी पोहोचते. हे आकडे जुन्या संगणकाबरोबरच गेले होते. सापडले ते वडिलांच्या डायरीत, पगाराच्या उचलीच्या हिशेबाखाली: ४८००, ७, सम, २.

माझे म्हणणे एवढेच, की संगणक बदलण्याआधी तो रोज वापरणाऱ्याला एकदा विचारावे, आणि नव्यावर पहिला जॉब निघेपर्यंत जुन्याला हात लावू नये. वडिलांना कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर तीन दिवस मशीन उभे राहिले नसते.

चौथ्या दिवशी जॉब निघाला. वडिलांनी तो व्हर्नियरने दोनदा मोजला आणि डायरीतले ते पान मला स्वच्छ अक्षरात उतरवून मशीनच्या दारावर चिकटवायला सांगितले.