वृद्धांचे दार आणि साथीची कडी

साथ आली की शासनयंत्रणेला पहिली आठवण होते ती दाराची. मार्च २०२० मध्ये हेच घडले. १४ मार्च रोजी राज्य शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमाखाली कोविडसंबंधीचे नियम जारी केले, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि वृद्धाश्रमांच्या फाटकांना कुलपे लागली. त्या घडीला ते योग्यच होते. एका छपराखाली राहणारी, एका पंगतीला जेवणारी, मधुमेह आणि दम्याने आधीच पोखरलेली माणसे, हाताशी लस नाही आणि रोगाची पुरती ओळखही नाही. अशा स्थितीत फाटक उघडे ठेवणे हा अविचार ठरला असता.

तथापि कुलूप लावणे जितके सोपे, तितकेच ते काढण्याची वेळ ठरवणे कठीण असते. खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. आठवड्या-दोन आठवड्यांसाठी घेतलेला निर्णय महिनोन् महिने चालतो, तेव्हा तो ज्यांच्या रक्षणासाठी घेतला त्यांच्याच जिवावर उठत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

वृद्धाश्रमात भेटीस येणारा मुलगा, सून, बहीण वा भाचा हा केवळ पाहुणा नसतो. आईने दोन घास कमी का खाल्ले, पायावरची सूज कधी वाढली, बोलण्यात आज काय चुकते आहे, हे परक्या कर्मचाऱ्याआधी त्याच्या ध्यानात येते. ज्यांची स्मृती ढळली आहे, त्यांच्या दृष्टीने तर ओळखीचा चेहरा हाच जगाशी उरलेला शेवटचा धागा. दूरध्वनीवरचे बोलणे आणि पडद्यावरचे चित्र यांचा आधार मोठा हे खरे. पण ज्याला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, त्याला हाताचा स्पर्शच कळतो.

पाटण तालुक्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. कोयनेच्या खोऱ्यात आणि ढेबेवाडीच्या बाजूस वृद्धाश्रम हा शब्द अजून फारसा रुळलेला नाही. परंतु तरणी माणसे मुंबईला आणि म्हातारी माणसे गावाला, ही येथली जुनीच वाटणी आहे. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्यामागे मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी येथून गेली. गणपतीला आणि यात्रेला दारे उघडावीत, एरवी म्हाताऱ्याने म्हातारीला जपावे, असा कित्येक वाड्यांचा क्रम आहे. अशा गावांना कोणी फलक लावलेला नसला तरी ते एका अर्थाने वृद्धाश्रमच होत. २०२० मध्ये जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास पास लागत होता. सप्टेंबरच्या आरंभी ती अट उठेपर्यंत आजारी बापाला भेटणे ही गोष्ट मुलाच्या इच्छेवर नव्हे, तर परवान्यावर अवलंबून होती. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर मुंबईकर धावून येऊ शकत होता. या संकटात धावून येणे हाच धोका ठरला.

अलगतेचा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला. त्या काळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. रोगापासून दूर जावे, पण आपली माणसे सोडू नयेत, असा तो व्यवहार होता. सक्तीच्या अलगतेविरुद्ध लोक खवळले, ते अंतर पाळावे लागले म्हणून नव्हे. घरातले माणूस नेले जाते आणि त्याच्याविषयी विचारण्याची सोय राहत नाही, हे त्यांना असह्य झाले. हा धडा सव्वाशे वर्षांनीही शिळा झालेला नाही.

परदेशांनी तो ठेच लागल्यावर घेतला. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० मध्ये शुश्रूषागृहांतील भेटी बंद झाल्या. पण ११ मेपासून निवडक २६ गृहांत प्रत्येक रहिवाशामागे एका ठरावीक व्यक्तीला अटींसह प्रवेश देऊन पाहण्यात आला. त्या पहिल्या पाहणीत या भेटींमुळे नवी लागण झाल्याचे आढळले नाही. इंग्लंडने एप्रिल २०२४ पासून नियमच केला, की अपवादात्मक परिस्थिती वगळता रहिवाशाची भेट नाकारता येणार नाही.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवास असावा, असे त्याचे १९ वे कलम सुचवते. तेथील वैद्यकीय सेवेचा आणि करमणुकीचाही त्यात उल्लेख आहे. भेटीचा मात्र नाही. म्हणजे वृद्धाला करमणूक हवी हे कायद्याला कळले, पण माणूस हवे हे कळायचे राहिले.

संस्थाचालकांची अडचण खोटी नाही. लागण झाली तर दोष त्यांच्या माथी येतो. मनुष्यबळ तोकडे, निधी त्याहून तोकडा. पण कर्मचारी, दूधवाला आणि भाजीवाला यांची ये-जा थांबत नसेल, तर केवळ मुलगाच रोग घेऊन येतो असे मानणे तर्काला धरून नाही. चालकांना भीती वाटते, कारण निर्णय त्यांनी एकट्याने घ्यायचा असतो. शासनाने लेखी नियम दिला तर ही भीतीही ओसरेल.

तो नियम फार मोठा असण्याची गरज नाही. प्रत्येक रहिवाशाने आपले एक माणूस आधीच नोंदवावे आणि त्याला कर्मचाऱ्याइतकीच तपासणी करून आत घ्यावे. इतरांच्या भेटी अंगणात, अंतर राखून व्हाव्यात. बंदीचा आदेश मुदतीचा असावा आणि ती वाढवताना जिल्हाधिकाऱ्यांनी कारणे द्यावीत. मरणासन्न माणसाची भेट कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये. गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धाची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि त्याच्या मुलाचा प्रवास अत्यावश्यक मानावा.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही आपली वृत्ती जुनी आहे. साथ ओसरली आणि हा विषय बासनात गेला. परंतु नियम शांततेच्या काळातच करावे लागतात. साथ दाराशी आल्यावर केवळ कुलूप सुचते. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा दार लावावेच लागेल. मात्र त्याची कडी आतल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातालाही पोहोचेल, एवढी व्यवस्था आजच झाली पाहिजे.