आयडाहो : मोकळ्या जमिनीवरची सहल

आयडाहो हे अमेरिकेच्या वायव्येकडचे डोंगराळ राज्य. १८९० मध्ये ते संघराज्यातले ४३वे राज्य झाले. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाहून थोडे अधिक आणि लोकवस्ती, २०२० च्या जनगणनेनुसार, साडेअठरा लाखांच्या आत. बाहेर त्याचे नाव होते ते बटाट्यामुळे. पर्यटकांची रीघ लागते ती शेजारच्या वायोमिंगमधल्या यलोस्टोनला आणि यूटामधल्या झायनला; आयडाहो वाटेवरच राहून जाते.

इथली सहल स्वस्तात होते याचे मुख्य कारण जमिनीच्या मालकीत आहे. राज्याची साठ टक्क्यांहून अधिक जमीन संघ सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची आहे. तिथल्या राष्ट्रीय वनांच्या बऱ्याच भागांत, ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, तंबू ठोकायला भाडे पडत नाही. साधारणपणे एका जागी १४ दिवसांपर्यंत राहता येते. अशा ठिकाणी नळ, शौचालय, कचराकुंडी काहीच नसते. पाणी बरोबर न्यावे लागते आणि कचरा परत आणावा लागतो.

खरा खर्च गाडीचा. आडवाटेला सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाही. म्हणून चार जणांनी मिळून एक गाडी घेणे आणि गेल्या वाटेने परत न येता वर्तुळाकार फिरणे फायद्याचे. राजधानी बॉयसीहून निघून ट्विन फॉल्स, क्रेटर्स ऑफ द मून, केचम आणि स्टॅन्ली करून पुन्हा बॉयसीला येणारी फेरी सुमारे साडेसातशे किलोमीटरची होते. तिला पाच-सहा दिवस पुरतात. सॉल्ट लेक सिटीकडून येणाऱ्यांना ट्विन फॉल्सपासून सुरुवात करता येते. ते अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीवर शोशोनी धबधबा आहे. त्याची उंची २१२ फूट, नायगाऱ्याहून जास्त. मात्र नदीचे पाणी वरच्या अंगाला शेतीसाठी वळवले जात असल्याने भर उन्हाळ्यात तिथे उघडा कातळ आणि बारीक धारा उरतात. बर्फ वितळू लागल्यावर, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, तो भरून कोसळतो.

तिथून ईशान्येला क्रेटर्स ऑफ द मून हा लाव्हाचा काळा मुलूख लागतो. १९२४ पासून तो राष्ट्रीय स्मारक आहे. इथले उद्रेक सुमारे पंधरा हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचे. १९६९ मध्ये अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी इथे खडकांचा अभ्यास केला. लाव्हाच्या नळीसारख्या गुहांत उतरण्यासाठी विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. विजेरी आणि जाड तळाचे बूट हवेतच. मुक्कामाला जवळचे आर्को हे छोटे गाव सोयीचे. १९५५ मध्ये अणुऊर्जेच्या विजेवर उजळलेले हे जगातले पहिले गाव.

पुढे केचम आणि सन व्हॅली येतात. १९३६ मध्ये सुरू झालेले सन व्हॅली हे स्कीइंगचे ठिकाण श्रीमंतांचे आहे. तिथे हॉटेलात राहण्याऐवजी गलीना खिंड ओलांडून सॉटूथ पर्वतात शिरावे. करवतीच्या दात्यांसारख्या शिखरांमुळे त्याला हे नाव पडले. या राष्ट्रीय विहारक्षेत्राला प्रवेशशुल्क नाही. पायथ्याच्या रेडफिश सरोवरात सॉकाय जातीचे सॅमन मासे प्रशांत महासागरातून सुमारे साडेचौदाशे किलोमीटर नदी चढून अंडी घालायला येतात. १९९२ मध्ये इथवर एकच मासा पोहोचला होता. त्यानंतर प्रजननकेंद्रांच्या मदतीने ही जात जगवली गेली. रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, कारण २०१७ पासून हा परिसर संरक्षित अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र आहे. स्टॅन्लीजवळ आणि बॉयसीच्या परतीच्या वाटेवर नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत.

ऋतू निवडताना एक पेच पडतो. धबधब्यासाठी मे महिना चांगला, पण तेव्हा सॉटूथच्या पायवाटा बर्फाखाली असतात. उंचावरची सरोवरे जुलैनंतर मोकळी होतात. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर पसरू शकतो आणि शेकोटीवर बंदीही येते. डोंगर चढायचे असतील तर सप्टेंबर सर्वांत बरा. गर्दी ओसरलेली असते, पाने पिवळी पडू लागतात. फक्त रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. रेडफिशकाठच्या कॅम्पग्राउंडमध्ये उन्हाळ्यातली जागा हवी असेल तर काही महिने आधी आरक्षण करावे.

खाण्यापिण्याचा खर्च वाचतो तो बॉयसी किंवा ट्विन फॉल्सच्या मोठ्या दुकानांत आठवड्याचा शिधा भरून घेतल्याने. स्टॅन्लीत दुकाने मोजकी आणि शाकाहारी पदार्थ त्याहून कमी. सिएटल किंवा सॉल्ट लेक सिटीकडून येणाऱ्या मराठी कुटुंबाने छोटी शेगडी, पोहे आणि खिचडीचे सामान बरोबर ठेवले तर एक वेळचे जेवण बाहेर घेऊनही भागते. अस्वलांचा वावर असल्याने अन्न तंबूत ठेवू नये. डोंगरात मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरावी.