निरोपाचे दिवस यादीत संपवू नका

रमजानचा महिना दहा-दहा दिवसांच्या तीन भागांत मोजतात. अशा प्रत्येक भागाला ‘अशरा’ म्हणतात. शेवटचा अशरा लागला की काहीजण मशिदीत एतेकाफला बसतात, म्हणजे घरचे व्यवहार बाजूला ठेवून इबादतीसाठी तिथेच मुक्काम करतात. त्याच दिवसांत बाजारात कपडे, बांगड्या आणि शिरखुर्म्याचा सुकामेवा घ्यायला पाय ठेवायला जागा नसते. दिवस सगळ्यांना सारखेच मिळतात. ते कशात घालवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

एका सेमिस्टरसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींपुढेही शेवटी हाच प्रश्न येतो. जर्मनीचेच पाहा. तिथल्या विद्यापीठांचे हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होते आणि कागदोपत्री ३१ मार्चला संपते. वर्ग मात्र फेब्रुवारीतच आटोपतात. परीक्षा झाल्या की हाती थोडेच दिवस उरतात. २०२६ चा रमजानही नेमका फेब्रुवारी-मार्चमध्येच आला.

या दिवसांत कामे काही कमी नसतात. खोली साफ करून किल्ली द्यायची, डिपॉझिट परत मागायचे, सरकारी कार्यालयात राहता पत्ता रद्द करायचा, बँकेचे पाहायचे. त्यात व्हिसावर शेंगेनच्या २९ देशांत फिरता येते, म्हणून पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम एका दमात उरकायचे बेत होतात. इकडून घरच्यांची यादी जाते : चॉकलेट, अत्तर, आत्याच्या मुलासाठी बूट.

पालकांची बाजू खोटी नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरोंची सोय दाखवावी लागते. ती करताना कुणी ठेव मोडते, कुणी कर्ज काढते. ‘एवढा पैसा घातलाय, पुन्हा कधी जाणे होणार? सगळे बघून घे’ असे आई-वडील म्हणणारच.

तरीही माझे मत असे की, भटकंती सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत करावी आणि शेवटचे आठ-दहा दिवस ज्या गावाने आपल्याला सांभाळले त्या गावासाठी राखावेत. बर्लिनमध्ये असाल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी मायबाखउफरच्या कालव्याकाठचा तुर्की बाजार पुन्हा एकदा सावकाश फिरावा. रमजान असेल तर क्रॉइत्सबर्ग, नॉयकोल्नच्या बेकऱ्यांत तीळ आणि कलौंजी लावलेली ‘पिदे’ ही खास रोटी मिळते. ती घेऊन वर्गमित्रांना खोलीवर बोलवावे, मग कुणाचा रोजा असो वा नसो. आपल्या हातचे पोहे त्यांना खिलवावेत. प्राध्यापकांना भेटून आभार मानावेत. शेजाऱ्याचे आणलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपली रीत तिथेही पाळावी.

या वस्तीत तुर्की बेकऱ्या कशा आल्या, हेही त्या निमित्ताने कळेल. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत आले, तेव्हा त्यांना थोड्या वर्षांचे पाहुणेच मानले होते. पुढे अनेकजण तिथलेच झाले. आपल्या विद्यार्थ्याला परतीची तारीख ठाऊक असते. ज्याला ती ठाऊक आहे, त्याला नीट निरोप घेता येतो.

धावतपळत पाहिलेली शहरे फोनमध्ये राहतात आणि फोन बदलला की विस्मरणात जातात. पाच महिने ज्यांच्याबरोबर जेवलो, त्यांना न भेटता विमानात बसलो, तर ती माणसे मात्र कायमची सुटतात. उद्या नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी किंवा नुसते मन मोकळे करायला तीच माणसे लागणार असतात.

म्हणून पालकांना एवढीच विनंती आहे. परतीच्या आठवड्यात फोन कराल तेव्हा वस्तूंची यादी सांगू नका. ‘कुणाकुणाला भेटून झाले आणि कुणाला भेटायचे राहिले?’ एवढे विचारा. मूल काय कमावून येते आहे, ते त्या उत्तरातून कळेल.